गोधडीला जुनंच कापड का लागतं?

बाजारात हल्ली नव्या कापडाच्या गोधड्या मिळतात. रंग ताजे, चौकोन मोजून कापलेले, टाके यंत्राचे. घेणारा खुशीने घेतो आणि दोन-तीन धुण्यांनंतर विचारतो, ही आजीच्या गोधडीसारखी का वाटत नाही? कुठे फुगते, कुठे आक्रसते, अंगावर घेतली तर पुठ्ठ्यासारखी उभी राहते. यावर ठरलेलं उत्तर असं असतं की तिच्यात आजीची माया होती. असेलही. पण मायेने कापड आटायचं थांबत नाही आणि रंग जायचाही थांबत नाही. उत्तर कापडातच शोधायला हवं. या प्रकरणाचं म्हणणं थोडक्यात असं: गोधडी जुन्या कापडाची असते याचं कारण नवं परवडत नाही एवढंच नव्हतं. वीसेक वर्षं नेसून, धुऊन, वाळवून जे सुती कापड उरतं, तो गोधडीचा मुद्दाम तयार झालेला कच्चा माल आहे. आणि गोधडी आज मागे पडली असेल तर शिवणारे हात कमी झाले यापेक्षा हा माल घरात तयार होईनासा झाला, हे मोठं कारण आहे.

उदाहरणासाठी आपण रायगडचा किनारा घेऊ: उरण, अलिबाग, रेवदंडा, मुरुड, दिघी, श्रीवर्धन. गोधडीची चर्चा बहुधा घाटावरच्या थंडीवरून सुरू होते. किनाऱ्यावर थंडीचा मुद्दा दुबळा पडतो, आणि म्हणूनच गोधडी नेमकं काय काम करते ते इथे जास्त स्पष्ट दिसतं.

१. थंडी नाही, मग गोधडी कशाला?

अलिबागला ऐन जानेवारीतही रात्रीचं तापमान साधारण सतरा-अठरा अंशांच्या खाली फारसं उतरत नाही. एवढ्या हवेत जाड पांघरुणाची गरज नाही, हे खरंच आहे. पण गोधडी पांघरायचीच असते, हे आपण गृहीत धरतो. किनाऱ्यावरच्या घरात ती आधी अंथरायची वस्तू आहे. झोपलेल्या माणसाची उष्णता दोन वाटांनी जाते, वरून हवेत आणि खालून जमिनीत. जमीन सारवलेली असो, कोब्याची असो की लादीची, तिच्याशी अंगाचा थेट संबंध आला की उष्णता सरळ तिच्यात उतरते. हवा उष्णतेची वाईट वाहक आहे. जमीन, त्यातही ओलसर जमीन, तिच्या कितीतरी पुढे. अलिबागसारख्या ठिकाणी वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्या काळात घराची जमीन ओल धरते. तेव्हा इथे गोधडी माणूस आणि जमीन यांच्यात घालायची असते. बाळंतिणीच्या खोलीत, म्हाताऱ्या माणसांखाली, तान्ह्या मुलाच्या दुपट्याच्या रूपात तिचा उपयोग बाराही महिने होतो, थंडी असो वा नसो.

इथे कोणी विचारेल, मग कापसाची गादी का नको? गादी मऊ असते, जाड असते. अडचण अशी की कापूस दबतो, गोळे होतात, पिंजाऱ्याकडून तो पुन्हा पिंजून घ्यावा लागतो, आणि मुख्य म्हणजे गादी धुता येत नाही. खाऱ्या हवेत न धुता येणारं अंथरूण ही मोठी अडचण आहे. समुद्राच्या मिठात खाण्याच्या मिठाखेरीज मॅग्नेशियम क्लोराइड असतं. ते बऱ्यापैकी कोरड्या हवेतूनही पाणी ओढतं. साधं मीठसुद्धा हवेतली आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांच्या पुढे गेली की पाझरू लागतं. पावसाळ्यात मिठाच्या बरणीचं काय होतं ते प्रत्येक स्वयंपाकघराला ठाऊक आहे. पेण-उरणच्या मिठागरांत काम करणाऱ्याच्या, मासळी वाहणाऱ्याच्या किंवा नुसत्या बंदराच्या तोंडाशी राहणाऱ्याच्या कपड्यांत हे मीठ बसतं. ते गोड्या पाण्याने काढलं नाही तर कापड कितीही वाळवा, संध्याकाळी पुन्हा दमट. म्हणून या भागात अंथरुणाची पहिली परीक्षा ही की ते विहिरीच्या पाण्यात बुडवून, आपटून धुता यावं. गोधडी त्यात उतरते, गादी उतरत नाही.

२. ऊब कापडाची की हवेची?

पुढे जाण्याआधी एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. कापड स्वतः ऊब देत नाही; ऊब अंगाची असते, कापड तिला जायला उशीर लावतं. हा उशीर मुख्यतः कापडाच्या धाग्यांत आणि थरांमध्ये अडकलेली हवा लावते. हवा स्थिर असली तरच हे काम होतं, हलती हवा उष्णता घेऊन निघून जाते. म्हणून एका जाड कापडापेक्षा त्याच वजनाचे चार पातळ थर अधिक उबदार ठरतात, कारण प्रत्येक दोन थरांमध्ये हवेचा एक बारीक पापुद्रा राहतो. या पापुद्र्यात पाणी शिरलं की मात्र सगळा हिशेब बिघडतो. स्थिर हवेपेक्षा पाणी वीसपटींहून अधिक वेगाने उष्णता वाहून नेतं. दमट गोधडी गार लागते ती एवढ्यासाठी, आणि मिठाचा मुद्दा इथेही लागू होतो.

आता एक छोटा हिशेब करू. नऊवारी लुगडं म्हणजे सव्वाआठ मीटर लांब, पन्हा साधारण सव्वा मीटरच्या आत-बाहेर. त्याच्या लांबीत चार घड्या घातल्या की दोन मीटरहून थोडा लांब आणि सव्वा मीटरच्या आसपास रुंद असा तुकडा मिळतो, चार थरांचा. एका माणसाला झोपायला नेमकी एवढीच जागा लागते. म्हणजे एक लुगडं, एक कात्रीही न लावता, एका माणसाच्या गोधडीचं पोट होतं. दोन लुगडी घेतली तर आठ थर. धोतर, उपरणं, पटका हेही असेच सरळ, न कापलेले, लांब पट्टे. आपल्याकडचा जुना पेहराव शिवलेला नव्हता, गुंडाळलेला होता. त्यामुळे जुना झाला तरी तो पूर्ण पन्ह्याचं कापड म्हणून हातात येई. गोधडीचा आकार या कापडांच्या आकारातून आला आहे.

३. टाका काय करतो

नुसते थर एकावर एक ठेवले तर रात्रभरात ते घसरतात. एका बाजूला चार थर, दुसऱ्या बाजूला एक, अशी गत होते. म्हणून धावदोरा: सुई वर-खाली करत सरळ जाणारा, शिवणकामातला सगळ्यांत साधा टाका. तो थर धरून ठेवतो इतकंच आपल्याला दिसतं. पण तो आणखी एक काम करतो. भाताच्या खाचरात बांध घालतात ते पाणी एका जागी थांबावं म्हणून. बांध नसतील तर पाणी उताराला जमा होईल आणि वरचं शेत कोरडं पडेल. टाक्यांच्या ओळी कापडात हवेचे तसे वाफे पाडतात. ओळी अगदी दाट घातल्या तर थर एकमेकांना चिकटतात, हवेला जागाच उरत नाही आणि गोधडी पुठ्ठा होते. फार विरळ घातल्या तर थर सरकतात. बोटभर अंतर, म्हणजे साधारण दोन सेंटिमीटर, हे प्रमाण या दोन टोकांच्या मधलं आहे. नव्या गोधडीचं यंत्राने केलेलं दाट, घट्ट शिवण दिसायला नेटकं असतं, पण त्यात हे वाफे मरतात.

टाके बहुधा कडेपासून सुरू होतात आणि चौकोनात चौकोन करत मध्याकडे येतात. आधी मोठे कच्चे टाके घालून थर बसवून घ्यायचे, मग तळहाताने कापड मध्याकडे सारत जायचं. यात धोका उघड आहे: प्रत्येक फेरीला जे थोडंसं सैल कापड उरतं ते आत ढकललं जातं, आणि शेवटी मध्यभागी फुगा येतो. तो फुगा येऊ नये यासाठी लागणारी पहिली गोष्ट म्हणजे सगळे थर सारखे वागणारे असावेत. इथून आपण मूळ प्रश्नाकडे येतो.

४. नेसून नेसून तयार झालेलं कापड

नवं सुती कापड पहिल्या काही धुण्यांत आटतं. मागावर ताणून विणलेले धागे पाण्यात सैल होतात आणि आपल्या मूळ लांबीवर येऊ पाहतात. हे आटणं प्रत्येक कापडात वेगळं असतं. समजा, दोन मीटरच्या गोधडीत एक नवा थर आहे, तो शंभरात पाच आटणारा; बाकीचे थर आधीच आटून बसलेले. पहिल्या धुण्यात नवा थर दहा सेंटिमीटर आखडतो. टाक्यांनी तो इतरांना बांधलेला असल्यामुळे ही दहा सेंटिमीटरची ओढ सगळ्या गोधडीवर येते, आणि ती सुरकुतते, फुगते. बाजारातून आणलेल्या गोधडीची तक्रार नेमकी हीच होती. वीस वर्षं नेसलेल्या लुगड्यात आटायला काही शिल्लकच नसतं. एक लुगडं अलिबागच्या बाजारातून, दुसरं पेणहून, धोतर मुंबईच्या गिरणीतलं, तरी सगळी एकाच शिस्तीत आलेली असतात.

दुसरी गोष्ट रंगाची. जो रंग सुटायचा तो आधीच सुटून गेलेला असतो, त्यामुळे लाल काठ शेजारच्या पांढऱ्या धोतराला डागाळत नाही. तिसरी खळीची. नव्या कापडाला विणताना आणि नंतर तकाकीसाठी खळ लावतात. ती धाग्यांमधल्या जागा भरून टाकते, म्हणजे ज्या जागेत हवा राहायची तीच भरते. धुण्या-आपटण्याने खळ निघून जाते, तंतूंची टोकं मोकळी होतात, कापडावर बारीक लव येते आणि ते मऊ पडतं. मऊ कापडाच्या आठ थरांतून साधी सुई जाते. नव्या, खळीच्या आठ थरांना दाभण घेऊन बसावं लागेल आणि बोटं फुटतील ती वेगळीच.

चौथी गोष्ट कापसाच्या स्वभावाची आहे, आणि ती जुन्या-नव्या दोन्ही सुताला लागू होते. सर्वसाधारण हवेत कापूस आपल्या वजनाच्या साडेआठ टक्क्यांच्या आसपास ओलावा धरून असतो आणि तरीही हाताला कोरडा लागतो. अंगाचा घाम तो शोषतो, हळूहळू सोडतो. शिवाय ओला कापूस कोरड्यापेक्षा कमजोर होत नाही, उलट थोडा अधिक ताण सोसतो. भिजून जड झालेली गोधडी दोघींनी दोन टोकं धरून पिळावी लागते. त्या वेळी हा गुण उपयोगी पडतो.

५. विरलेल्या जागेचं काय?

एवढे फायदे मोजल्यावर उघड आक्षेप असा येतो: जुनं कापड विरलेलं असतं. आज शिवलं, उद्या फाटलं, मग काय उपयोग? आक्षेप खरा आहे आणि गोधडीची सगळी अक्कल त्याचं उत्तर देण्यात खर्ची पडली आहे.

थोडं गणित करू. समजा, प्रत्येक लुगड्याचा दहावा हिस्सा विरलेला आहे. एकच थर असेल तर दहांतल्या एका जागी हात घुसेल. चार थर असतील आणि विरलेल्या जागा कुठेही, वाटेल तशा पसरलेल्या असतील, तर चारही थर एकाच ठिकाणी विरलेले असण्याची शक्यता दहा हजारांत एक. कमजोर कापडातून भक्कम वस्तू तयार होते ती अशी. पण हे गणित एका जागी लंगडं आहे, कारण विरलेल्या जागा वाटेल तशा पसरलेल्या नसतात. लुगडं बसण्याच्या जागी विरतं, कासोटा घासतो तिथे विरतं, घोट्याजवळच्या काठाला विरतं. दोन लुगडी सारख्याच घड्यांनी रचली तर विरलेलं विरलेल्यावर येण्याची भीती आहे. म्हणून शिवणारी बाई थर रचण्याआधी प्रत्येक कापड उजेडाकडे धरून बघते, कुठे पारदर्शक झालंय ते. मग एकाचं टोक इकडे, दुसऱ्याचं तिकडे, असं फिरवून रचते. हे रचणं म्हणजेच गोधडीचा आराखडा. तो नंतर कोणालाच दिसत नाही.

फिरवूनही जी जागा सुटते तिथे ठिगळ येतं. ठिगळ सजावटीसाठी असतं असा समज प्रदर्शनांमुळे पसरला आहे. पण जुन्या गोधड्यांत ठिगळांच्या जागा पाहिल्या तर ती बहुतेकदा खांद्याच्या, कोपराच्या, टाचेच्या बाजूला आणि कडांना दिसतात, म्हणजे जिथे घर्षण जास्त तिथे. रंगसंगती त्यानंतर सुचते, आणि सुचते हेही खरं. चांगल्या हाताची बाई हिरव्या खणाचा तुकडा कुठे लावायचा हे उगाच ठरवत नाही. पण क्रम लक्षात ठेवायला हवा. ठिगळाला नीट आत दुमडलेली कड हवी, कारण उघडी कड धुण्यात उसवते. त्याचा ताणा खालच्या कापडाच्या ताण्याच्या दिशेने असावा, तिरका लावला तर ते ओढतं. लुगडं अंगावर असतानाही हीच नजर काम करत असे: मधला विरलेला भाग काढून दोन चांगली टोकं जोडायची आणि दंड घातलेलं लुगडं आणखी काही वर्षं नेसायचं. गोधडीपर्यंत येणारं कापड असं एक-दोन दुरुस्त्या पार करून आलेलं असे.

मुरुड-जंजिऱ्याच्या परिसरात इथे एक प्रश्न हमखास येतो. ठिगळांची गोधडी सिद्द्यांनी आफ्रिकेतून आणली का? कर्नाटकातल्या उत्तर कन्नड भागात, यल्लापूर, हल्याळच्या बाजूला, सिद्दी बायका कवंदी नावाच्या देखण्या गोधड्या शिवतात. कडेपासून सुरुवात, मध्याकडे प्रवास, आणि शेवटी कोपऱ्यांवर तुकड्यांची छोटी फुलं, ज्यांच्याशिवाय कवंदी उघडी मानली जाते. हे काम त्यांचं आहे, त्याचं श्रेय त्यांनाच. पण जंजिऱ्याचे सिद्दी सत्ताधारी आणि दर्यावर्दी म्हणून वेगळ्या इतिहासातून आले, आणि मराठी मुलखात जिथे सिद्दी वस्ती कधीच नव्हती तिथेही गोधडी घरोघर होती. बंगालची कांथा, बिहारची सुजनी, सिंध-राजस्थानची रल्ली, जपानमधल्या गरीब कोळी-शेतकऱ्यांचं बोरो, सगळीकडे तोच धावदोरा आहे. जुनं सुती कापड, सुई आणि थंड जमीन एकत्र आली की हा टाका कोणालाही सुचतो. उगम शोधण्याचा हट्ट इथे फारसं काही देत नाही.

६. कापलेल्या कापडाचा भाव

राजपुरी खाडीच्या आतल्या अंगाला कुड्याची बौद्ध लेणी आहेत, दोन हजार वर्षांच्या आसपास जुनी. तिथे राहिलेल्या भिक्खूंचा वेष तुकडे जोडून शिवलेला असायचा. विनयपिटकात, म्हणजे भिक्खूंच्या नियमग्रंथात, सांगितलं आहे की मगधातल्या बांध घातलेल्या शेतांकडे बोट दाखवून बुद्धांनी शिष्य आनंदाला तशा रचनेचं चीवर करायला सांगितलं. कापड मुद्दाम कापायचं यामागचं एक कारण फार व्यवहारी आहे: तुकड्यांच्या वस्त्राचा कोणाला लोभ सुटत नाही. अखंड कापडाला बाजारात किंमत असते, कापलं की ती जाते.

हा नियम गोधडीला पुरेपूर लागू पडतो. जुन्या कपड्यांना दोन वाटा होत्या. अखंड, जरीकाठी, अजून नेसण्याजोग्या साड्या बोहारणीकडे जात आणि बदल्यात पातेली-डबे घरात येत. बोहारीण फाटकं घेत नसे, घेतलंच तर घासाघीस करून. तिने नाकारलेलं ते गोधडीचं. म्हणजे गोधडीत जाणाऱ्या कापडाची बाजारातली किंमत जवळजवळ शून्य, आणि गोधडीच्या कामाची योग्यता मात्र पूर्ण. नवं कापड आणून, त्याचे चौकोन कापून, पुन्हा जोडून गोधडी करणं हा याच्या बरोबर उलट व्यवहार आहे. आधी किंमत मोजायची, मग कात्रीने ती घालवायची, आणि मग आटण्याची, खळीची, रंगाची सगळी संकटं अंगावर घ्यायची. शोभेसाठी कोणी करत असेल तर करावं. त्याला काटकसर किंवा पर्यावरणाचं नाव देऊ नये.

७. १९८२ आणि त्याआधीचं

मुंबईची पहिली कापडगिरणी १८५४ साली स्थापन झाली आणि दोन वर्षांनी चालू झाली. पुढची सव्वाशे वर्षं कोकणातली माणसं गिरण्यांत राबली आणि गिरण्यांचं सुती कापड गावाकडे येत राहिलं. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्यातून गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या उभ्या राहिल्या नाहीत. कापडाचं काम भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांकडे सरकलं. त्याच वर्षी रायगड जिल्ह्यातच, पाताळगंगा इथे, रिलायन्सचा पॉलिएस्टर धाग्याचा कारखाना सुरू झाला. दोन घटनांचं वर्ष एक असणं हा योगायोग आहे, एकीमुळे दुसरी घडली असं नाही. नायलॉनच्या साड्या आणि टेरिलीनचे सदरे त्याआधीच घरात आले होते. पण कपाटातलं कापड कोणत्या दिशेने बदलत होतं, हे दाखवायला याहून चांगलं वर्ष मिळणार नाही.

पॉलिएस्टर वाईट कापड आहे असं नाही. ते टिकतं, आटत नाही, रंग सोडत नाही, लवकर वाळतं. अडचण अशी की त्याला वय चढत नाही. वीस वर्षं नेसल्यावर सुती लुगडं मऊ होतं, पॉलिएस्टरची साडी मात्र तशीच राहते, फार तर तिच्यावर गुठळ्या येतात. त्याचा तंतू ओलावा जवळजवळ घेतच नाही, अर्ध्या टक्क्याहून कमी. त्याचे गुळगुळीत धागे टाक्याभोवती सरकतात, त्यामुळे टाका पडला तिथे फटी दिसू लागतात. थर एकमेकांवरून घसरतात. म्हणजे गोधडीला ज्या जुनेपणाची गरज असते तो जुनेपणा या कापडाला येतच नाही. शिवाय नऊवारी जाऊन सहावारी आली. साडेपाच मीटरच्या चार घड्या घातल्या तर लांबी एक मीटर पस्तीस-सदतीस सेंटिमीटर, पाय उघडे पडतील. तीन घातल्या तर एक मीटर ऐंशीच्या वर, चालेल, पण थर तीनच. सलवार-कुर्ता आणि गाऊनचं कापड तर आधीच कापलेलं, वक्र तुकड्यांचं. कापडाचा धागा बदलला तसा त्याचा आकारही बदलला.

या म्हणण्यावर एक चांगला आक्षेप घेता येतो, तोही किनाऱ्यावरूनच. जिथे चार महिने काही वाळत नाही तिथे लवकर वाळणारं कापड हे वरदानच नाही का? सुती गोधडी भिजली की स्वतःच्या वजनाहून जास्त पाणी धरते आणि आषाढात आठवडा आठवडा कुबट वास मारते. हा मुद्दा मान्य करावाच लागेल. मात्र वाळणं आणि शोषणं हे दोन वेगळे गुण आहेत. अंगाखालच्या थराने घाम घ्यायला हवा, तिथे पॉलिएस्टर कामाचं नाही. जमिनीकडच्या आवरणाने घासणं सोसायला हवं, तिथे ते उत्तम. ज्यांच्या हाती दोन्ही प्रकारची कापडं आहेत त्यांनी जमिनीकडची बाजू पॉलिएस्टरच्या साडीची आणि पोट व अंगाकडची बाजू सुताची ठेवली, तर शुद्धतेचा आग्रह सुटतो आणि गोधडी अधिक चांगली होते. फक्त चुलीजवळ किंवा शेगडीजवळ ती नको, कारण पॉलिएस्टर वितळतं आणि कातडीला चिकटतं.

८. वेळ कोणाचा?

सगळ्यांत वजनदार आक्षेप कापडाशी संबंधित नाही. लोक म्हणतात, बायकांना आता वेळ नाही, आणि दोन-चारशे रुपयांत ब्लँकेट मिळतं. ब्लँकेटचं आधी बघू. सोलापुरी चादर किनाऱ्यावरच्या घरांत गोधडीच्या जोडीने कित्येक वर्षं नांदली. तिने गोधडी हटवली नाही, कारण चादर पांघरायची आणि गोधडी अंथरायची. पानिपतला जुन्या लोकरी कपड्यांच्या चिंध्या पिंजून स्वस्त ब्लँकेटं करतात, म्हणजे जुन्या कापडाचंच पुनर्जीवन, पण यंत्राने. तेही पांघरूणच.

वेळेचा मुद्दा मात्र टाळता येत नाही. दोन मीटर बाय सव्वा मीटरच्या गोधडीत दोन सेंटिमीटर अंतराने ओळी घातल्या तर ओळींची एकूण लांबी सव्वाशे मीटर भरते. सेंटिमीटरला एक टाका धरला तर साडेबारा हजार टाके. दोरा दुहेरी घेतला तर अडीचशे मीटरच्या वर. मिनिटाला वीस टाके या चांगल्या गतीने दहा तासांहून अधिक नुसतं शिवण. त्यात कापडं धुणं, निवडणं, रचणं, ठिगळं लावणं, पाठदुखीने उठणं यांचा हिशेब नाही. कोणत्याही मजुरीने गुणलं तरी गोधडी ब्लँकेटपेक्षा महाग पडते. ती स्वस्त होती हे म्हणणं तेव्हाही खोटंच होतं. शिवणारीचे तास कोणी मोजत नव्हतं. भात कापून झालं की मार्गशीर्षापासून वैशाखापर्यंत शेतकरी घरांत ते तास सापडत, मासेमारीवर जगणाऱ्या घरांत ते महिने ऐन धंद्याचे असल्यामुळे कमी सापडत. आज ज्या बचत गटांकडून किंवा गावातल्या बाईकडून आपण गोधडी शिवून घेतो, त्यांनी हजार-दीड हजार सांगितले तर घासाघीस करण्याआधी हा गुणाकार करून पाहावा.

तरीही वेळेचा आक्षेप पूर्ण उत्तर देत नाही. वेळ नसलेल्या घरात लोणची-पापड बाहेरून करून घेतात, तशा गोधड्याही करून घेता येतात आणि काही जण घेतातही. पण शिवणारी मिळाल्यावर तिच्यापुढे टाकायला लागतो तो साड्यांचा ढीग, आणि त्या ढिगात सुती किती निघतं, इथे काम अडतं.

९. ढीग निवडताना

म्हणून सुरुवात निवडण्यापासून. प्रत्येक साडीच्या कडेचा एक धागा ओढून, चिमट्यात धरून पेटवायचा. कापूस कागदासारखा जळतो, जळक्या कागदाचाच वास येतो, मागे मऊ राख राहते. पॉलिएस्टर आधी आक्रसतं, वितळतं, आणि थंड झाल्यावर त्याचा कडक मणी उरतो. मिश्र कापडात दोन्ही दिसतं, राखेत बारीक गाठी लागतात; असं कापड पोटात घालायला हरकत नाही. दुसरी चाचणी पाण्याची. जुन्या सुतावर थेंब टाकला की तो लगेच पसरतो, खळीच्या किंवा पॉलिएस्टरच्या कापडावर क्षणभर मण्यासारखा उभा राहतो. एखादं सुती कापड नवं असेल आणि वापरायचंच असेल, तर त्याला आधी गरम पाण्यात रात्रभर ठेवून तीन-चार वेळा धुऊन घ्यावं, म्हणजे आटणं शिवण्याआधीच उरकतं.

मग उजेडाकडे धरून विरलेल्या जागा खडूने खुणवायच्या, थर फिरवून रचायचे, जमिनीकडे जे जाणार ते खाली. काठ वेगळे कापून ठेवावेत: ते कापडातलं सगळ्यांत दाट विणलेलं, चारी बाजूंनी पट्टी म्हणून तेच शोभतात आणि टिकतात. टाके घालताना दोरा हातभर लांबीचाच घ्यावा, म्हणजे एक तुटला तरी हातभरच उसवेल. आणि हे सगळं वैशाखाच्या आत उरकावं. पहिली धुलाई कडक उन्हातच व्हायला हवी, मृग लागल्यावर नव्हे.